२१ मार्चनंतरच्या दिवसांबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाच्या अंकातला आपला फोटो पाहिला. मुलांच्या पायात दोन रंगांचे मोजे आणि हातात फुगे. आमच्याही घरी त्या दिवशी लेकीच्या एका पायात लाल आणि दुसऱ्यात पिवळा मोजा होता. गुणसूत्रं मोज्यांसारखी दिसतात म्हणून हे मोजे, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रंही हा दिवस पाळतात. तो थाटात साजरा व्हायलाच हवा. आमच्यासारख्या घरांत मूल जन्मल्याचा आनंद करायचा असतो, हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पण फोटोखाली ‘ही मुलं सदैव शांत आणि हसतमुख असतात’ असं छापलं होतं. त्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा समज महागात पडू शकतो.

आमची लेक जन्मली तेव्हा जो तो म्हणायचा, किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही! भूक लागली तरी तिला जाग येत नव्हती, म्हणून ती रडत नव्हती. या बाळांचे स्नायू जन्मतः सैल असतात. ओठांची पकड बसत नाही, दूध तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळतं, आणि थोडं प्यायलं की बाळ दमून झोपतं. एका जाणत्या नर्सने मला हनुवटीखाली बोटाचा आधार कसा द्यायचा, तळपाय चोळून तिला जागं कसं ठेवायचं, हे शेजारी बसून दाखवलं. वेळ लागला, पण ती अंगावर प्यायला शिकली.

बाळाच्या अशा शांतपणामागे थायरॉइडची कमतरताही असू शकते. सुस्ती, बद्धकोष्ठता, सावकाश वाढ ही तिची लक्षणं डाऊन सिंड्रोममध्ये अशी मिसळून जातात की नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं: जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तो स्टेथोस्कोपने कळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक बाळाची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली पाहिजे. दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येत असेल, धाप लागत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. शस्त्रक्रिया वेळेत झाली तर बहुतेक बाळं छान सावरतात. कानांचंही तेच. पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, बोलणं आणखी लांबतं, आणि घरचे मात्र ‘ही मुलं उशिराच बोलतात’ म्हणून थांबून राहतात. डोळे तपासायचेही राहून जातात.

अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलांना संस्थांत ठेवण्याऐवजी घरी वाढवलं जाऊ लागलं, याचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून विनंती, पुढच्या वर्षी या तपासण्यांची एक चौकट जरूर छापा. आपला अंक प्रसूतिगृहांतही वाचला जातो.

आणखी एक. आम्हाला निदान सांगणारे डॉक्टर दारातच उभे होते आणि त्यांचा पहिला शब्द ‘सॉरी’ होता. त्यानंतर भेटायला आलेल्यांचा प्रश्न ठरलेला, ‘हे कोणाकडून आलं?’ कोणाकडूनही नाही. सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये हे जादा गुणसूत्र पेशींच्या विभाजनात योगायोगाने येतं. आईने गरोदरपणी काय खाल्लं, किती काम केलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. मी स्वतः विशीतच होते. मोजक्या बाळांमध्ये मात्र गुणसूत्रांची वेगळी जोडणी आईवडिलांपैकी एकाकडून आलेली असू शकते. ते गुणसूत्रांच्या तपासणीत कळतं आणि पुढच्या बाळाचा विचार करताना उपयोगी पडतं. त्यात दोष कोणाचाच नसतो.

अशा बाळाला बघायला जाणाऱ्यांनी आधी अभिनंदन करावं, बाळाला मांडीवर घ्यावं, नाव काय ठेवलं ते विचारावं. आमच्याकडे हे सगळ्यात आधी माझ्या जावेने केलं. आजही लेकीच्या फिजिओथेरपीला माझ्याबरोबर तीच येते.

आपली नम्र,
एक वाचक