दादाचा अंगठा

प्रिय बंड्या,

काल रात्री दादाच्या अल्बमचं कच्चं मिक्स ऐकलं आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडायला जीभ शिवशिवतेय. इथे सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

अरेंजर मोठा उत्साही माणूस आहे. पण एकेका गाण्यात किती वाद्यं! व्हायोलिन, बासरी, सॅक्सोफोन, ड्रम, वर कोरस. हेडफोन लावून बसलो तर दादाचा अंगठा ऐकूच येईना. गिटारच्या खर्जाच्या तारेवर तो जो ठेका धरतो, ज्याच्यासाठी आपण गच्चीवर रात्र रात्र जागलो, तो गायब. बोटं तारेवरून सरकतानाची ती खरखरसुद्धा साफ करून टाकलीय. पोटात कालवलं रे.

आता तू उड्या मारशील, ‘बघ, निक ड्रेकबद्दल मी काय म्हणत होतो!’ थांब जरा. त्या इंग्रज गिटारवाल्या गायकाचा ‘ब्रायटर लेटर’ अल्बम पाहुण्या वादकांनी बिघडवला हे तुझं म्हणणं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. ‘पुअर बॉय’मधल्या डोरिस ट्रॉय आणि पी. पी. अर्नल्डच्या कोरसवरून तू अबोला धरलास, तरी मला तो कोरस आवडतोच. डेव्ह पेगचा बेस, रॉबर्ट कर्बीने लिहिलेली तंतुवाद्यं, सगळं असूनही निकची बोटं हरवत नाहीत. आणि पाहुणा वादक जॉन केल? त्याला निर्माता जो बॉइडने निकच्या टेप ऐकवल्या, तसा तो उठून निकला भेटायलाच गेला. आधी ऐकलं, मग वाजवलं. म्हणून ‘नॉर्दर्न स्काय’मधला त्याचा घंट्यांसारखा वाजणारा, छोट्या पियानोसारखा सेलेस्टा गिटारच्या अंगावर येत नाही, वरच्या मोकळ्या जागेत किणकिणतो.

तुझं ब्रह्मास्त्र मला पाठ आहे. पुढचा ‘पिंक मून’ ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत, ध्वनिमुद्रक जॉन वुडला सोबत घेऊन, नुसता गळा आणि गिटार. एका गाण्यात काय तो पियानो, तोही स्वतःच वाजवलेला. मान्य. पण ते निकने स्वतः ठरवलं होतं. दादा काहीच ठरवत नाहीये, खरी काळजी ती आहे. तो भिडस्त. स्टुडिओत जो वाद्य घेऊन येतो त्याला ‘वाजव की’ म्हणतो आणि घरी येऊन गप्प बसतो. वहिनी म्हणाल्या, हल्ली गिटारला हातही लावत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एवढ्या वर्षांनी त्याचा अल्बम होतोय आणि त्यात तोच पाहुणा!

नदीच्या गाण्यातलं व्हायोलिन मात्र हवंच. ती मुलगी आधी दादाच्या शेजारी बसून गाणं ऐकत राहिली, मग दोनच ओळींत वाजवून उठली. ते काढायला लावलंस तर माझ्याशी गाठ आहे.

मी बोललो तर दादा हसून विषय बदलतो. तुला मात्र घाबरतो, तू तोंडावर बोलतोस म्हणून. शनिवारी फायनल मिक्सला बसणार आहेत, त्याआधी त्याला फोन कर. ड्रम आणि कोरस उतरवायला सांग, ती खरखर परत घ्यायला सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

नव्या घराची वास्तुशांत झाली का? चिमीचा निकाल कळव. तुझ्या बदलीचं काय झालं तेही लिही. पण आधी फोन.

तुझा,
अण्णा