टर्बोच्या इंजिनाला ‘हॉट कॅम’ बसवण्याआधी

महोदय,

टर्बो पेट्रोल गाडीला जास्त ओव्हरलॅपचा कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), म्हणजेच ‘हॉट कॅम’, बसवा, की ताकद वाढेल, हा आपल्या वाहन पुरवणीतला सल्ला अर्धवट आहे. बिनटर्बोच्या इंजिनाचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावला आहे.

एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (वायू बाहेर सोडणारा) हे दोन्ही वॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात, हाच ओव्हरलॅप. बिनटर्बोच्या इंजिनात चढ्या आरपीएमला बाहेर जाणाऱ्या वायूच्या ओढीने ताजी हवा आत येते. टर्बोत मात्र टर्बाइनच्या (जळक्या वायूने फिरणाऱ्या चक्राच्या) अलीकडे दाब साचतो आणि कंपनीच्या लहान टर्बोवर वरच्या आरपीएमला तो सहसा बूस्टपेक्षा (टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असतो. मग जळका वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो, सिलिंडर तापतो, नॉकिंग होते (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकते). म्हणून आधी हा दाब मोजा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (जळका वायू टर्बोकडे नेणाऱ्या भागाला) मीटरभर तांब्याची नळी जोडून तिला वेढे द्या आणि गेज त्यापुढे लावा. थेट रबरी नळी लावली तर वितळते.

दाब बूस्टच्या वर गेला तर ओव्हरलॅप कमी करायचा. दोन कॅमच्या इंजिनात इनटेक कॅम मागे (उशिरा), एक्झॉस्ट कॅम पुढे (लवकर) न्यायचा. कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. दोन्ही कॅमच्या पुल्या अशा कॅमवर २-२ अंश फिरवल्या की ओव्हरलॅप क्रँकवर ८ अंशांनी घटतो. पुलीवरच्या खुणा कॅमच्या की क्रँकच्या, हे न बघता फिरवणारेच जास्त! एकाच कॅमच्या इंजिनात पुली फिरवून ओव्हरलॅप बदलतच नाही, सगळे टायमिंग एकत्र सरकते. तिथे कॅमच बदलावा लागतो.

क्रँकच्या पुलीवरच्या खुणेवर टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे टोक) धरू नका. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा खिळा) लावून क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी टेकवा, डिग्री डिस्कवरच्या (क्रँकला लावलेल्या अंशांच्या चकतीवरच्या) दोन आकड्यांचा मध्य हाच टीडीसी. टॅपेट (वॉल्व्हची फट) आधी सेट करा. कॅमचे माप इंजिन फिरते त्याच दिशेने घ्या, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा मापात येतो. पिस्टन-वॉल्व्हमध्ये इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर हवे. उलट दिशेने, म्हणजे ओव्हरलॅप वाढवत गेलात, तर हे अंतर घटते आणि वॉल्व्ह वाकतात. शेवटी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा; कुठे अडला तर स्टार्टर मारू नका.

इनटेक मागे नेल्याने खालचा पिकअप थोडा पडतो, हे ग्राहकाला आधीच सांगावे. इग्निशनचा मॅपही (ठिणगीच्या वेळेचा तक्ताही) डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा बसवावा लागतो. व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात कॅमचे टायमिंग आपोआप बदलणारी यंत्रणा) असेल तर पुलीला हातच लावू नये, ते काम ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) मॅपमधून होते.

– एक वाचक, कोल्हापूर