बसायचं असेल तर बस, पण आधी हे वाच

परभणी
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्ण्या, त्या जुन्या विमानात बसू का नको?" मी म्हणालो, "लिहून कळवतो." तू वैतागलास. पण लेका, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझ्याकडे ऑस्ट्रेलियात रात्र झालेली, मागून वहिनी ओरडताहेत, आणि मला सांगायचं होतं ते आजोबांपासून सुरू होणारं. म्हणून कागदावर लिहितोय. नात फोटो काढून पाठवील, पोराकडून मोठ्याने वाचून घे. तिकीट त्यानेच काढलंय, त्यालाही कळू दे.

पोरं साठीला घड्याळ देतात, सदरा देतात. तुझ्याने तुला टायगर मॉथमध्ये अर्धा तास फिरवायचं ठरवलं. म्हणजे उघड्या बसायच्या, दोन मजली पंखांच्या, कापडाच्या विमानात. आणि तू बरोबर माणसाला विचारलंस. डेपोत गाड्या दुरुस्त करत ३१ वर्षं पाने फिरवले म्हणून नव्हे, आजोबांमुळे.

आमचे आजोबा तुला आठवतातच. दहावीच्या निरोप समारंभाची तुझी पँट त्यांनीच शिवली होती आणि ती घोट्याच्या वर आली होती. तू अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतोस. पण त्या माणसाचा हात मुळात पँटीवर बसलेलाच नव्हता. तो बसला होता विमानाच्या पंखावर.

महायुद्धाच्या काळात आपण सगळे निजामाच्या मुलखातले. परभणीला मीटरगेजच्या गाडीत बसायचं, सिकंदराबादला उतरायचं. बेगमपेठला तेव्हा वैमानिकांची पहिली यत्ता भरायची, एक नंबरचं एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल. दोन नंबरचं जोधपूरला. विशी-बाविशीची पोरं यायची, आणि त्यांची पाटी-पेन्सिल म्हणजे हे टायगर मॉथ. आजोबांना तिथे घेतलं ते शिलाईला. पगार इंग्रजांच्या कलदार रुपयांत मिळायचा, निजामाच्या हालीत नव्हे, हे ते आम्हाला इतक्या वेळा सांगत की आजी उठून आत जायची.

विमानाला शिलाई कुठली, असं तू म्हणणार. तर ऐक. त्याचं धड पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेलं, पंखाचा सांगाडा स्प्रूसच्या हलक्या लाकडाचा, आणि वरून सगळीकडे लिननचं कापड. उडताना पंखाच्या वरच्या अंगाला हवा कापड ओढत असते, त्यामुळे नुसतं चिकटवून भागत नाही. पंखाच्या आतल्या एकेका फासळीला ते शिवून टाकावं लागतं. पंख उभा धरायचा, एका बाजूला एक कारागीर, पलीकडे दुसरा, मध्ये हातभर दाभण. इकडून टोचायचं, तिकडून ओढून परत द्यायचं. दोरा मेण लावलेला, आणि दर टाक्याला स्वतंत्र गाठ. उद्या एक टाका तुटला तर शेजारचा उसवता कामा नये. मग त्यावर कापडी पट्टी, आणि मग डोप. हे डोप म्हणजे एक प्रकारचा रोगण. तो वाळला की कापड डफाच्या चामड्यासारखं ताणतं. त्याचा वास अति पिकलेल्या केळ्यासारखा येतो म्हणे. आजोबांनी आयुष्यात पुन्हा केळं खाल्लं नाही. प्रसादाचंसुद्धा माझ्या हातात ठेवत.

नावाची गंमत सांगतो. ज्याने हे विमान काढलं तो जेफ्री डी हॅविलंड फुलपाखरं आणि रात्रीचे पतंग गोळा करणारा माणूस. म्हणून त्याच्या विमानांची नावं मॉथ: जिप्सी मॉथ, पुस मॉथ, टायगर मॉथ. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथमधून. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला, लंडनजवळ स्टॅग लेनला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश वायुदलाने ते शिकाऊ पोरांसाठी घेतलं, आणि युद्ध संपेपर्यंत जगभरात ८,०००हून जास्त बनली. त्यातली हजारावर तुझ्या ऑस्ट्रेलियातच, सिडनीच्या मॅस्कॉटला. तेव्हा तू ज्यात बसणार ते बहुधा तिथलंच असेल.

इंजिन १३० अश्वशक्तीचं, जिप्सी मेजर. चार सिलिंडर, आणि तेही उलटे लटकवलेले, म्हणजे क्रँक वर आणि सिलिंडर खाली. पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, छापताना उलटं छापलंय. रिकाम्या विमानाचं वजन ५०० किलोच्या आसपास. काल आपल्या गल्लीतून देवणी जोडी सजवून नेली ना, तिच्यापेक्षा हलकं! ब्रेक नाहीत. सेल्फ स्टार्टर नाही. शेपटीला चाकाऐवजी फाळासारखी पट्टी, ती जमीन ओरबाडत जाते, तोच काय तो ब्रेक. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर, म्हणजे बरोबर तुझ्या डोक्यावर, कारण पाहुण्याला पुढे बसवतात. पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरतं, पंप नाही. मास्तर आणि पोरगं एकमेकांशी बोलायचे ते रबरी नळीतून. मास्तर पुढे, पोरगं मागे, आणि शिव्या नळीतून थेट कानात.

हे विमान उडवायला सोपं पण नीट उडवायला अवघड, असं वैमानिक सांगतात, आणि त्याची नेमणूकच त्यासाठी होती. वळताना पायाचा आणि हाताचा मेळ बसला नाही की ते लगेच एका अंगाला घसरतं, वारा गालावर एका बाजूने लागतो. बंद काचेच्या विमानात ही चूक खपून जाते. इथे गालच सांगतो.

आता अपघात. तू तेच विचारलं होतंस, मी उगं फिरवून आणलं तुला.

जमिनीवरच कितीतरी व्हायचे. नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं, त्यात एखाद्याचा हात जायचा. स्विच बंद आहे असं वरचा सांगतो, खालचा विश्वास ठेवतो, आणि लाकडी पंखा अर्ध्या सेकंदात फिरतो. आजोबांनी एकाला तसं पाहिलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत.

मग नाकावर उलटणं. त्यांची आवडती हकीकत हीच, थोडं मीठमसाला लावून. एक पोरगं वाट चुकलं, पेट्रोल संपत आलं, आणि त्याने बिदरच्या बाजूला एका रानात विमान उतरवलं. वरून दिसलं सपाट काळंभोर मैदान. आपल्याला विचारलं असतं तर सांगितलं असतं की बाबा, ही काळी माती, आदल्या रात्री पाऊस झालाय, इथे बैल फसतो. चाकं टेकली, पन्नास पावलं पळाली, मातीने भरली आणि जागच्या जागी अडकली. शेपूट वर, नाक चिखलात, पंख्याच्या चिंध्या. पोरगं पट्ट्याला लटकलेलं, पण धडधाकट. गावातल्या लोकांनी आधी नमस्कार केला, मग पाणी पाजलं. आजोबा दुरुस्तीवाल्यांबरोबर लॉरीतून गेले, पण लॉरी रस्त्यावरच राहिली. शेवटी पंख सोडवून गाडीवर घातले आणि बैलांनी विमान रस्त्याला काढलं. त्या शेतकऱ्याला काय हवंय विचारलं तर त्याने फाटलेल्या पंखाचं कापड मागितलं. आजोबा म्हणायचे, त्याचं धोतर झालं नाही, डोपमुळे कापड कडक, पण पेरणीच्या पाभरीवर झाकायला झालं असेल.

ते विमान तीन आठवड्यांत परत उडत होतं म्हणे. टायगर मॉथचा एखादा जुना सांगाडा बघितला तर धड एकाचं, पंख दुसऱ्याचे, शेपूट तिसऱ्याची, असं सहज निघतं. मोडायचं, शिवायचं, परत पाठवायचं.

जिवावर उठायचं ते वेगळं. उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टी हुकतेय असं वाटून पोरगं पायाने जास्तीचा रेटा देतं, नाक वर ओढतं, वेग पडतो. आतल्या बाजूचा पंख आधी दम सोडतो आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. वर तीन हजार फुटांवर असं झालं तर उपाय साधा: उलट बाजूचा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायाने दाबायचा, दांडी पुढे ढकलायची. शिकवायचेच तसं, मुद्दाम गिरकीत घालून. पाचशे फुटांवर मात्र पहिली पायरी आठवेपर्यंत जमीन येते. यात विमानाचाही दोष कधी निघाला. युद्धात त्याच्या अंगावर बॉम्बच्या घोड्या, एलेरॉनला, म्हणजे पंखांच्या हलत्या पट्ट्यांना, वजनं असं काय काय चढवलं, तेव्हा काही विमानं गिरकीतून बाहेर यायला कुरकुरू लागली. म्हणून १९४१ च्या सुमारास शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्या बसवल्या. तुझ्या विमानाला असतील तर बघ.

युद्धानंतर ही विमानं कवडीमोलाने विकली गेली. न्यूझीलंडमध्ये पुढच्या बैठकीच्या जागी खताची पेटी बसवून डोंगरउतारावर खत फेकायला लावली. ओझं जास्त, उंची कमी, त्यात बरीच मोडली. आपल्याकडे वायुदलात ती पन्नाशीच्या दशकापर्यंत टिकली. मग आपल्याच कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगेंनी, जे जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल या हवाशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले होते, एचटी-२ हे शिकाऊ विमान काढलं, आणि पोरं त्यावर शिकू लागली. पण एक टायगर मॉथ वायुदलाने पुन्हा उभं केलं, एचयू-५१२ क्रमांकाचं. २०१२ ला दिल्लीजवळ हिंडनला वायुदल दिनाच्या सोहळ्यात ते उडालं. टीव्हीवर दिसलं तेव्हा मी नातीला ओढत आणून बसवलं. तिला ते जत्रेतल्या पाळण्यातलं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. ही तुझ्या दारातलीच आहे.

१६ डिसेंबर २०१३ ला तुमच्या क्वीन्सलंडमध्येच, गोल्ड कोस्टजवळ, एक टायगर मॉथ असंच एका पाहुण्याला घेऊन गेलं होतं. समुद्रावर कसरती सुरू केल्या आणि मिनिटभरात डावीकडचे पंख निखळले. दोघेही गेले. तिथल्या वाहतूक सुरक्षा ब्युरोचा अहवाल नातीने काढून दिला, शब्दकोश घेऊन चार दिवस वाचला. पंखांचा ताण धडाच्या आतून आरपार जाणाऱ्या दोन सळयांवर असतो. टाय रॉड म्हणतात. दोन्ही सळया आट्यांपाशी तुटल्या होत्या, आणि तडे आधीपासून पडत आलेले होते. दोन हजार तास किंवा अठरा वर्षं ही बदलायची मुदत. ती यायच्या बऱ्याच आधी.

आट्यांपाशी, हे वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. तुला आठवतं, माझ्या हाताखालून गेलेल्या एका गाडीचा स्प्रिंगच्या पाट्याचा यू-बोल्ट घाटात तुटला होता? माणसं वाचली. बोल्ट मी आदल्याच महिन्यात पान्याने तपासला होता, घट्ट होता. घट्ट असणार नाही तर काय! तडा आट्याच्या मुळाशी होता, नटाच्या आत. नट काढल्याशिवाय दिसणार कसा? त्यानंतर मी दर वेळी नट काढून, घासलेट लावून, पुसून, भिंगाने बघायचो. पोरं हसायची.

आजोबांचं कापड फाटलं तर दहा माणसांना दिसायचं. सळई कापडाच्या आत, काळोखात. जुन्या विमानात बसताना मला भीती वाटली तर कापडाची नाही वाटणार.

तेव्हा माझं म्हणणं असं. बस. पण पोराला दोन गोष्टी विचारायला लाव. टाय रॉड कधी बदलले आणि ते कुणी बनवलेले, याचा कागद दाखवा म्हणावं. जो चांगला आहे तो आनंदाने दाखवील, जो तोंड वाकडं करील त्याच्याकडे पैसे सोडून चहा प्यायला जा. आणि कसरत नको, नुसता सरळ फेरफटका. ही अट आधी सांग, वर गेल्यावर नाही. तुझं पोट बघता तुला कसरत झेपणारही नाही. चढताना खालच्या पंखावर पाय ठेवायची पट्टी आखलेली असते, पाय तिच्यावरच ठेव. नाहीतर आजोबांच्या कामात तुझी चप्पल जायची.

एक काम माझं कर. उतरलास की खालच्या पंखाच्या बुडाला हात लाव. पट्टीखाली गाठींचे टेंगूळ बोटाला लागतील. आजोबा म्हणायचे, दोन गाठींमध्ये चार बोटं, आणि पंख्याच्या झोतात येतो तिथे त्याहून दाट. चार बोटं लावून बघ आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्ण्या

ता. क. तिकिटावर वजनाची मर्यादा लिहिलेली असेल. ती वहिनींना वाचायला देऊ नको.