बाग कोणाच्या खात्यात, नदी कोणाच्या, एकदाचं सांगून टाका ना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात आपल्या नागपूरच्या नाग, पिली आणि पोरा या तिन्ही नद्यांत पोकलेन उतरतात, पेपरात फोटो येतो, साहेब लोकं काठावर उभे असतात, इतके टन गाळ काढला म्हणून आकडा छापून येतो. काढलेला गाळ बऱ्याच जागी काठावरच पसरलेला राहते, उचलायला गाडी येता येता मृग लागून जाते आणि पहिल्या दोन सरीत सगळा माल परत नदीत. मी जगनाडे चौकाकडून नंदनवनच्या बाजूनं रोज जातो येतो, त्यामुळे हे सांगायला मला कोणाचा रिपोर्ट लागत नाही. पण मी गाळासाठी लिहून नाही राहिलो. गाळ काढणारा एक, उचलणारा दुसरा, काठाची भिंत बांधणारा तिसरा आणि त्या काठावर बाग लावणारा चौथा असं जे चालू आहे ना, त्याबद्दल लिहायचं आहे.

आपल्या शहरात बाग म्हटलं की लोकांना वाटते सगळं महापालिकेचं असेल. नाही ना बावा. महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे, सेमिनरी हिल्सचं बालोद्यान वनविभागाकडे, ले-आऊटमधल्या कितीतरी बागा नागपूर सुधार प्रन्यासनं, म्हणजे आपल्या नासुप्रनं आखून तयार केलेल्या, त्यातल्या काही महापालिकेकडे गेल्या, काही जायच्या होत्या, आणि मधेच नासुप्र बरखास्त करायची घोषणा झाली आणि मग ते बरखास्त करणंच रद्द झालं. १९३६ च्या कायद्यानं आलेली संस्था आहे ती, शहराचा विस्तार करायला आणलेली, आता विस्तार होऊन गेला तरी बाग कोणाची याचा विस्तार चालूच आहे. फुटाळ्याचं कारंजं घ्या. तलाव भोसल्यांच्या काळातला, कारंजं नासुप्रचं, काम महामेट्रोनं पाहिलं, तलाव पाणथळ जागा आहे की नाही यावरून भांडण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि चौपाटीवर कणीस खाणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा तुला इथं काय पाहिजे, कारंजं पाहिजे की साधं स्वच्छ बाथरूम पाहिजे.

आधी अनधिकृत पडलेल्या आणि मग नियमित करायला घेतलेल्या ५७२ आणि १९०० ले-आऊटमध्ये जे राहतात त्यांना तर वेगळं सांगायची गरज नाही. तिथं पीयू लँड, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी सोडलेली जागा, कागदावर बाग आणि जागेवर कोणाचं तरी पक्कं घर, नाहीतर म्हशीचा गोठा, नाहीतर एखादं मंदिर. आणि विकास आराखड्यात जे बागेचं आरक्षण टाकलेलं असते ना, ते दहा वर्षांत ताब्यात घेतलं नाही तर जागेचा मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. म्हणजे बाग नुसती फाईल न हलल्यामुळे मरू शकते, कोणी ती विकायची पण गरज नाही. ही तारीख कोण सांभाळते, कोणाच्या टेबलावर याचं रजिस्टर आहे, हे कुठं लावलेलं कोणी पाह्यलं असेल तर मला दाखवा.

आता एक जवळचं सांगतो. आमच्या भागातल्या एका बागेत लहान पोरांच्या झोक्यावर गुलमोहराची एक मोठी फांदी वाळून लटकून होती. सकाळी फिरणारे आम्ही पाच-सहा जण, त्यातल्या एका काकांनी अर्ज लिहिला, ते रिटायर्ड मास्तर आहेत, अर्ज एकदम टापटीप. पहिल्या ऑफिसमध्ये म्हणे फांदी कापायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही. बरोबर आहे, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, आणि असायलाच पाहिजे, नाहीतर या शहरात एक झाड उभं राहणार नाही. दुसऱ्या ऑफिसमध्ये गेलो तर ते म्हणाले परवानगी देऊ पण शिडीची गाडी लाईटवाल्यांची आहे, त्यांना सांगा. लाईटवाले म्हणाले बाग आमच्या यादीतच नाही, खांब आहेत पण ते ठेकेदाराचे. आणि ठेकेदाराचा नंबर बागेच्या बोर्डावर होता, होता म्हणजे कोणीतरी त्याच्यावर नवीन रंग मारून वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या, खालून ९८२ एवढे तीन आकडे दिसत होते. शेवटी माळीदादांनीच दुपारी कोणी नसताना फांदी दोर लावून ओढून पाडली. त्या माणसाला शाबासकी मिळायला पाहिजे, पण ऑफिसला कळलं असतं तर शाबासकीच्या जागी नोटीस मिळाली असती.

ऑफिसमधली माणसं वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. कामाची वाटणीच अशी आहे की झाडं उद्यान विभागाची, गट्टू म्हणजे पायवाटेचे ब्लॉक आणि कंपाउंड बांधकामवाल्यांचं, दिवे विद्युतवाल्यांचे, बोअरची मोटर आणखी कोणाची, चौकीदार एजन्सीचा, आणि ओपन जिमची मशीन कोण्यातरी आमदार-खासदार निधीतून आलेली, तिचा एक पाय मोडला की ती कोणाचीच नसते. कायदा पाह्यला तरी तीच गोष्ट. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कलम ६३ मध्ये करायलाच पाहिजे अशी कामं आहेत, आणि बागा-मैदानं कलम ६६ मध्ये, म्हणजे जमलं तर करा. तिकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बगीचे, मैदानं अगदी नाव घेऊन लिहिलेली आहेत, पण जमलं तर करावाल्या कामाला बजेटमध्ये काय उरते ते आपण सगळे जाणतो.

नदीचं तर याहून अवघड. अंबाझरी तलाव १८७० चा, त्याच्या खाली नाग नदी, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार-पाच तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तेव्हा काय झालं ते अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या लोकांना विचारा. लोकं झोपेतच होते आणि घरात कमरेएवढं पाणी. माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, पंचशील चौकातला पूल खचला. त्यानंतर हायकोर्टात केस गेली तेव्हा समजलं की सांडव्याजवळ स्मारक कोणी उभं केलं, खाली नदीचं पात्र कुठं अरुंद झालं, त्यावर बांधकामाची परवानगी कोणी दिली, बांधाची मजबुती कोणी करायची, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या ऑफिसात आहे. महापालिका, नासुप्र, महामेट्रो, जलसंपदा सगळे कोर्टात आपापली बाजू मांडणार आणि एका टेबलावर बसायला यांना कोर्टाची ऑर्डर लागणार! मला विचाराल तर पाऊस जास्त झाला हे खरं, पण नदीकाठ नावाची गोष्ट एका खात्यात असती तर सांडव्यासमोर काही उभं करायच्या आधी कोणीतरी एक माणूस हो किंवा नाही म्हणून सही करून मोकळा झाला असता आणि ती सही आज आपल्याला दाखवता आली असती.

आता नाग नदीच्या प्रदूषणासाठी जवळपास दोन हजार कोटींचा प्रोजेक्ट मंजूर आहे, जायका या जपान सरकारच्या मदत संस्थेचं कर्ज, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, महापालिकेचा वाटा. चांगलंच आहे. आपली घाण इथं थांबत नाही, ती कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसेखुर्दच्या पाण्यात जाते, भंडाऱ्याच्या लोकांच्या शिव्या आपल्याला उगाच नाही बसत. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करायचे १३० आणि २०० एमएलडीचे (म्हणजे दिवसाला इतके दशलक्ष लिटर) प्लांट आहेत, तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जाते, म्हणजे जमत नाही असं नाही, जिथं घेणारा ठरलेला आहे तिथं काम बरोबर होते. माझी भीती वेगळी आहे. गटार लाईन टाकून झाल्यावर काठावर वॉकिंग ट्रॅक येईल, लॉन येईल, सेल्फी पॉइंट येईल, आणि मग तो ट्रॅक कोण झाडणार? कोणीतरी म्हणेल अहमदाबादसारखी कंपनी काढा. साबरमतीसाठी १९९७ ला तिथल्या महापालिकेनं वेगळी कंपनी काढली, काठ चकाचक केला, नदीत नर्मदेचं पाणी सोडलं. आपल्याकडे नर्मदा कुठून आणता, इथं उन्हाळ्यात नदीत जे वाहते ते आपल्याच घरचं असते. आणि कंपनी म्हटलं की तिचे डायरेक्टर असतात, नागरिक नसतात, कंपनीला जाऊन झोका तुटला म्हणून सांगता येत नाही.

माझा भाचा मिनियापोलिसला असतो. त्याला मी सहज म्हटलं तुमच्याकडे बागेचं कोण पाहते, तर तो म्हणे मामा, इथं त्यासाठी वेगळी निवडणूक होते. मला वाटलं मजाक करून राहिला. पण खरंच, १८८३ पासून तिथं पार्क बोर्ड आहे, नऊ कमिशनर लोकांनी निवडून दिलेले, सहा आपापल्या भागातून आणि तीन पूर्ण शहरातून, आणि गावातले तलाव, मिसिसिपीच्या काठावरच्या बागा, रस्त्याकडेची झाडं सगळं त्यांच्याकडे. मीटिंग सगळ्यांसाठी उघडी, विषयपत्रिका आधी लावतात, आणि साधा माणूस उठून दोन मिनिटं बोलू शकते. भाचा म्हणे एका मीटिंगमध्ये कुत्र्यांना मोकळं सोडायच्या जागेवर लोकं इतके भांडले की रात्र झाली. भांडू द्या ना! आपल्याकडे भांडायला जागा कुठं आहे, आपण फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडतो आणि सकाळी गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवतो.

मी काही म्हणत नाही की नागपुरात बागेसाठी वेगळी निवडणूक घ्या, आपल्याकडे आहे तीच निवडणूक वेळेवर होत नाही, मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर कितीतरी दिवस प्रशासकाच्या सहीनंच सगळं चाललं. त्या काळात बागेतला बल्ब गेला तरी सांगायचं कोणाला हा प्रश्न होता, नगरसेवक माजी आणि झोनचे साहेब मीटिंगमध्ये. पण एक समिती तर करता येते. दहाही झोनमधल्या बागा, तलावांचे काठ आणि तिन्ही नद्यांचे काठ तिच्याकडे, मालक कोणी का असेना, नासुप्र असो, वनविभाग असो, कृषी विद्यापीठ असो, देखभालीचा हिशोब तिनंच मागायचा. महिन्यातून एकदा उघडी मीटिंग. काय ठरलं ते बागेच्या गेटवर चिकटवायचं, वेबसाईटवर नाही, वेबसाईट आमच्या माळीदादाला उघडत नाही आणि मलाही पुष्कळदा उघडत नाही. ठेकेदाराचं बिल पास व्हायच्या आधी त्या बागेत रोज येणाऱ्या दोन माणसांची सही घ्या, नुसतं एवढं केलं तरी गट्टू बरोबर बसतील. आणखी एक कशाला, आधीच इतक्या समित्या आहेत असं काही जण म्हणतील, तर आहेत त्या वापरा. २००९ ला कायद्यात क्षेत्रसभा आणली, मतदारांनी आपल्या वस्तीतल्या कामांवर बसून बोलायचं म्हणून, ती आमच्याकडे भरलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

अंबाझरी उद्यानाचं सगळ्यांना आठवत असेल. महापालिकेची जागा, ती पर्यटन महामंडळाकडे गेली, तिथून खाजगी विकासकाकडे, आणि २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या काळात तिथलं डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडल्या गेलं. मग बायाबापड्या महिनोन्‌महिने धरण्यावर बसल्या. एवढा मोठा निर्णय एखाद्या उघड्या मीटिंगमध्ये विषय म्हणून आला असता तर तो त्याच दिवशी तिथंच अडला असता, पाडायची वेळ आलीच नसती असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तसं लिहावं, मी वाचीन.

संपादक साहेब, तुमच्याकडूनही एक काम आहे. तुमचे बातमीदार सगळ्या ऑफिसात जातात. रोज एक बाग किंवा नदीकाठाचा एक तुकडा घ्या आणि फक्त चार ओळी छापा, मालक कोण, देखभाल कोणाकडे, ठेका किती तारखेपर्यंत, तक्रार घेणाऱ्या माणसाचं पद आणि ऑफिसचा नंबर. जिथं उत्तर मिळालं नाही तिथं जागा कोरी सोडा.

आणि समिती झालीच तर तिची मीटिंग संध्याकाळी सहानंतर ठेवायला सांगा, दुपारी बाराला ठेवली तर मे महिन्याच्या उन्हात येणार कोण.

कळावे,
नंदनवनचा एक वाचक,
नागपूर