क्लाउडचं बिल येतं कशाचं?

संपादक साहेब, नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, महापेला एका छोट्या कंपनीत क्लाउडवरचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर, सांभाळतो. आमच्याकडे टेस्टिंगचे (सॉफ्टवेअर तपासून बघायचे) सर्व्हर रात्रंदिवस चालू असायचे, म्हणजे आठवड्याचे १६८ तास आणि त्यावर काम जेमतेम ५० तास, शेवटी रात्री आणि शनिवार-रविवार आपोआप बंद व्हायची सोय केली तेव्हा कुठे खर्च आटोक्यात आला. आणि हो, सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं, म्हणजे डेटा साठवायच्या जागेचं, भाडं चालूच राहतं, हे खूप जणांना माहितीच नसतं! क्लाउड कंपनीशी १ किंवा ३ वर्षांचा करार केला की दर कमी पडतो, पण आधी दोन-तीन महिन्यांचा वापर नीट बघा, नाहीतर नको तेवढ्या मोठ्या सर्व्हरमध्ये पैसे अडकून बसतात. तुमच्या पेपरात यावर सोप्या मराठीत सदर सुरू करा ना, प्लीज.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई