शेवंतेच्या वहीबद्दल : दफेदार काकांना आभाराचे पत्र

तीर्थस्वरूप दफेदार काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गुढीपाडवा आठ दिवसांवर आला आहे आणि माझ्या घोडीची, शेवंतेची, वर्षाची उद्दिष्टे लिहायची चौथी वही मी काल लोह्याच्या बाजारातून आणली. तिचे पहिले पान लिहिण्याआधी आपले आभार मानावेत, आणि आपल्या लोहा-कंधार भागात ज्यांच्या दारात घोडी बांधलेली आहे त्यांनाही वाचता यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे, असे ठरवले.

वडील गेले तेव्हा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून त्यांनी हौसेने आणलेली ही घोडी पुढच्या यात्रेत विकून टाकावी, असे सगळ्या भावकीचे म्हणणे होते. वडिलांच्या तेराव्याला आपण आलात, जेवण झाल्यावर सरळ गोठ्यात गेलात, शेवंतेचा पुढचा पाय उचलून खुराचा वास घेतलात आणि या वर्षी घोडीचे काय ठरवले आहे, असे मला विचारलेत. यात्रेत तिची रेवाल चाल (हिसके न देणारी जलद चाल) दाखवायची आणि तिला मागच्या दोन पायांवर नाचवायचे, असे मी उत्तर दिले. त्यावर आपण म्हणालात, “हे तिनं तुझ्यासाठी करायचं झालं. तू तिच्यासाठी काय करणार ते लिही.” काका, हे वाक्य मी पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवले आहे.

त्या वेळी तिच्या खुरांच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग ओल्या शेणात उभे राहून कुजू लागला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून पहिल्या वर्षाचे पहिले उद्दिष्ट आपण खुरांचे लिहून घेतलेत : रोज खूर साफ करायचे, गोठ्याची जमीन कोरडी ठेवायची आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचे. आपल्याकडे नालबंद शोधण्यातच किती दिवस जातात हे आपण जाणता. वर्षाला आठ फेऱ्या ठरवल्या होत्या, त्यातल्या पाचच झाल्या. मी ओशाळून वही दाखवली, तेव्हा आपण रागावला नाहीत, पण पुढच्या वर्षाच्या पानावर पुन्हा तोच आठाचा आकडा लिहायला लावलात.

वजनाचे गणित हे मला मिळालेले सर्वांत मोठे धन आहे. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचे, पुन्हा खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि 11880 ने भागायचे, म्हणजे किलोमध्ये अदमासे वजन निघते. शिवणकामाच्या टेपने पहिल्यांदा मोजले तेव्हा घेर 160 आणि लांबी 150 आली, म्हणजे वजन 323 किलो. बरगड्या हाताने न चाचपताही दिसत होत्या. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, या हिशेबाने तिला साडेसहा किलोपर्यंत वैरण हवी होती आणि मी मात्र वैरणीची कसर भरडलेल्या धान्याच्या मोठ्या तोबऱ्याने (तोंडाला बांधायच्या पिशवीने) भरून काढत होते. आता कुट्टी केलेला कडबा आणि थोडे लसूणघास हा मुख्य आहार आहे, आणि हरभऱ्याची चंदी (दाणा) थोडी थोडी, विभागून असते. बुरशीचा वास येणारी पेंढी बाजूला काढते. हिरव्या ज्वारीच्या वावरात घोडी सोडू नये, हे तर आपण वहीत लाल शाईने लिहायला लावलेत. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी गुरांना लागते हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण हिरव्या ज्वारीने घोड्याच्या मूत्राशयाला सूज येऊन मागचे पाय लुळे पडू शकतात, हे मला आपल्याकडूनच कळले. मागच्या दिवाळीत तिचा घेर 166 भरला, म्हणजे वजन 348 किलो झाले.

दुसऱ्या वर्षी आपण नाडी, श्वास आणि ताप मोजणे शिकवलेत. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 लागते, हे कळावे म्हणून मी महिनाभर रोज संध्याकाळी मोजत होते आणि घरचे म्हणत होते की पोरीला वेड लागले. वैशाखातल्या एका वरातीत कोणी तरी कौतुकाने तिला धान्याचे भरलेले घमेले चारले. रात्री दीडच्या सुमारास ती वारंवार पोटाकडे वळून बघू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. नाडी 64 लागली. घोड्याला ओकारी करता येत नाही, म्हणून पोटशूळात थांबून बघण्याइतका वेळ नसतो, हे आपले शब्द आठवले आणि मी काही एक न पाजता लगेच पशुवैद्यकांना फोन लावला. आकडा सांगितल्याबरोबर ते निघाले, नाकातून नळी घालून त्यांनी पोट मोकळे केले. पहाटे तिने लीद टाकली, तेव्हा मी गोठ्यातच रडले. तो आकडा मला सांगता आला नसता तर डॉक्टर सकाळी आले असते.

तिसऱ्या वर्षाचे उद्दिष्ट पाळणे सर्वांत अवघड गेले, कारण त्यात पैशाचा प्रश्न होता. घोड्याच्या पाठीवर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार नसावा, असे आपण सांगितलेत. शेवंतेचा पाचवा हिस्सा होतो सुमारे 70 किलो. लग्नाचे जरीचे खोगीरच किती जड असते! त्यावर नवरदेव, त्याच्यापुढे कोणाचा तरी भाचा, आणि पुढे कानठळ्या बसवणारा डीजे. त्या वर्षी मी हलके खोगीर घेतले, नवरदेवाखेरीज दुसऱ्याला बसू द्यायचे नाही असे ठरवले आणि अंगाने भारी नवरदेवांच्या चार सुपाऱ्या नाकारल्या. लोक नाराज झाले. एका पाहुण्यांनी तर आमच्याशी बोलणे सोडले. तरीही ते पान मी पुसले नाही.

स्वारीचे उद्दिष्टही आपण वर्षाला एकच ठेवू दिलेत. पहिल्या वर्षी रिकिबीत पाय घालताना तिने शांत उभे राहावे, दुसऱ्या वर्षी लगाम न खेचता केवळ बैठक सावरून तिला थांबवता यावे, तिसऱ्या वर्षी दुडकीत माझा हात स्थिर राहावा. मागच्या दोन पायांवरच्या नाचाचे नाव मी नंतर काढले नाही. काटेरी लगाम आपण ज्या दिवशी माझ्या तळहातावर दाबून दाखवलात, त्याच दिवशी तो खुंटीवरून उतरला.

आता या वर्षाचे. शेवंता गाभण आहे. घोडीला अकरा महिने लागतात, तेव्हा श्रावणात भरलेली घोडी आषाढात वियेल. म्हणून या उन्हाळ्याची लग्नसराई मी पूर्ण सोडली आहे. लेंडी तपासून घेऊन मगच जंताचे औषध द्यायचे, विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस टोचून घ्यायची आणि पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे होणाऱ्या सर्रा रोगाकडे लक्ष ठेवायचे, एवढे मी कच्चे लिहिले आहे. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागून चीक प्यावे आणि तीन तासांत वार (गर्भाचे आवरण) पडावी, हेही मी पाठ केले आहे, पण हे सारे डोळ्यांनी कधी पाहिलेले नाही.

सैन्यातल्या जनावरांची निगा राखणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये आपण नोकरी केलीत आणि तिथे शिकलेले सगळे एका परक्या मुलीला, एक पैसाही न घेता, दर पाडव्याला घरी येऊन दिलेत. आपले हे ऋण मान्य करताना आणखी एक मागणे मागते. गुडघ्यांचे दुखणे मला ठाऊक आहे, म्हणून या पाडव्याला भाऊ गाडी घेऊन आपल्या दारी येईल. वहीचे पहिले पान मी कोरे ठेवले आहे. आपण शेवंतेच्या पोटावर हात ठेवून सांगाल तसे ते लिहीन.

आपली,
शेवंतेची पोरगी