पहिलं पान पालथं ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्हाला माझं नाव आठवत नसेल. आठवू नये अशी सोय तुम्हीच करून ठेवली होती, म्हणून तर लिहितेय.

पीएचडीच्या मुलाखतीला मी आत आले तेव्हा फाइल तुमच्या समोर होती. सगळ्यात वर अर्जाचं पान: नाव, आडनाव, गाव, प्रवर्ग. तुम्ही ते पान काढलंत, टेबलावर पालथं ठेवलंत, त्यावर चष्म्याचं घर ठेवलंत आणि थेट संशोधनाच्या आराखड्यावर आलात. "ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, एका हंगामात फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्या जोडप्याचं काय होतं?" हा पहिलाच प्रश्न. मॅडम, त्याआधी मला विषयातला प्रश्न कुणी विचारलाच नव्हता हो.

आधीच्या एका विद्यापीठात (नाव घेत नाही, तेवढाही मान द्यायचा नाही) त्या पहिल्या पानातच मुलाखत आटोपली होती. आडनाव दोनदा वाचून झालं. "म्हणजे तुम्ही नेमके कुठले?" झालं. आईवडील काय करतात, तर ऊस तोडायला जातात म्हटलं. त्यावर "मग फेलोशिपसाठीच ना हे सगळं?" म्हणून एक सर हसले, आणि तेवढ्यात चहा आला. आराखड्याची पिनसुद्धा कुणी काढली नव्हती. सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवरून पीएचडी करून मुलं काय दिवे लावणार, असं २०२३ मध्ये खुद्द विधान परिषदेत विचारून झालंय. तिथं एका सरांना काय बोलायचं! हेच सर जयंतीला फुले-आंबेडकरांवर तासभर बोलतात, तेही टाळ्या घेऊन.

कुणी म्हणेल, एका पानाचं काय एवढं? पण मुलाखतीचे गुण कुठं जातात हे आम्हा मुलांना पक्कं ठाऊक असतं. २०१६ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती ठेवली आणि सगळा भार मुलाखतीवर टाकला. ओरड झाली, मग ७०-३० आलं, लेखीला ७० आणि मुलाखतीला ३०. त्याआधीच दिल्लीच्या जेएनयूत अब्दुल नाफे समितीनं गुण तपासले, तर वंचित गटांतल्या मुलांना लेखीच्या मानानं तोंडीत कमी गुण पडत होते. तोंडीचे ३० गुण १५ वर आणा, अशी शिफारस त्यांनी केली होती. लेखीत कमावलेलं त्या खोलीत दहा मिनिटांत घालवता येतं, आणि घालवणाऱ्याला कारणही लिहावं लागत नाही.

एक मात्र सगळ्यांना कळू दे. तुम्ही मला झुकतं माप दिलं नाही. उलट नमुना निवडीवरून चांगलं फैलावर घेतलंत; नुसत्या दोन तालुक्यांवरून अख्ख्या बीड जिल्ह्याबद्दल कसं बोलणार, म्हणालात. मी इंग्रजीत अडखळले तेव्हा तुम्ही पुढचा प्रश्न मराठीत विचारलात, सहज, कुणाकडं न बघता. बाहेर आले तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण मान ताठ होती. निवड झाली नसती तरी हे पत्र लिहिलं असतं.

चांगुलपणाला फार काही लागत नाही असं म्हणतात, मला ते पटत नाही. त्या टेबलाभोवती बाकीचेही होते, त्यांच्याही पुढ्यात तेच पान होतं. ते पालथं ठेवायला आधी कधीतरी घरी बसून विचार केलेला असावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, मुकादमाच्या (मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या) वहीत बाईच्या नावानं वेगळी उचल मांडतात की नाही याचं, उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं. केजकडचे एक मुकादम वही दाखवायला तयार झालेत. दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आत जाऊन येते आणि काय सापडतं ते कळवते.

आपली,
पालथ्या पानावरची विद्यार्थिनी